पांढरी बोटं

परळच्या लॅबमधून अपेक्षाने जंतू वाढवायची जेलीची एक बशी गुपचूप लालबागला घरी नेली, पूर्वी नावाच्या आपल्या सात महिन्यांच्या लेकीचं मनगट धरून तिचा तळवा बशीवर टेकवला आणि बशी परत आणून उबेच्या कपाटात ठेवली. लेकीच्या कातडीवरचे जंतू वाढले की हाताचा ठसा उमटणार, त्याचा फोटो काढायचा, एवढीच हौस.

दुसऱ्या दिवशी ठसा उमटला. पिवळा, इवलासा. पण त्याला वेढून पाच लांब पांढरी बोटंही उमटली होती.

"तुझाच हात लागला असणार गं," सोबत काम करणारे जयवंतदादा हसले. "दोन जातींच्या जंतूंची जुंपलीये बघ. पांढरे जिंकणार!"

अपेक्षाने आपला पंजा बशीवर धरून पाहिला. ती बोटं तिच्या बोटांहून लांब होती.

रोज पांढरी बोटं आवळत गेली. चौथ्या दिवशी दुपारी पिवळं काही उरलंच नाही. ती तशीच घरी धावली.

सासूबाई गॅलरीत भाजी निवडत होत्या. "लवकरशी आलीस गो? पोर शहाणी झाली हां. सकाळपासून रडली नाही."

अपेक्षाने आत जाऊन कडी लावली, लेकीला मांडीवर घेतलं आणि नेहमीसारखं आपलं बोट तिच्या मुठीत सारलं. मूठ पुरती मिटलेली नव्हती. आत एका जाड बोटाएवढी पोकळी होती. त्या पोकळीत तिचं बोट जाईना.

मग लेकीचा तोच हात हळूहळू वर उचलला गेला. अपेक्षाने तिला दोन्ही हातांनी कवटाळलं.

त्या हाताला बसणारी ओढ कडी लावलेल्या दाराकडे नव्हती. ती भिंतीकडे होती.