पालथा कप

साखरेचं दुखणं असलेल्या बाबांना काही आठवेनासं झालं, तेव्हा लेकीने युक्ती काढली. इन्सुलिन टोचलं की चहाचा रिकामा कप पालथा घालायचा.

सकाळी तिचा फोन आला. "बाबा, घेतलंत ना?"

"थांब, कप बघतो."

कप सुलटा होता. त्यांनी पोटाला सुई टोचली आणि कप पालथा घातला. टेबलावर टक् वाजलं. चष्मा पुसून पाहिलं, तर कप सुलटा.

"राहिलंच गं."

"अहो, आत्ताच घेतलंत! कप वाजलेला ऐकला मी."

"कप कशाला खोटं बोलेल?"

घामाने सदरा अंगाला चिकटला होता. तो त्यांनी वर केला. सगळ्या पोटावर रक्ताचे ताजे ठिपके होते.

ते शांतपणे मोकळी जागा शोधू लागले.