डाव्या हाताचा माऊस

गावाकडची एस.टी. सुटायची वेळ होत आली होती आणि महानंदाबाईंचा जीव स्टुलावर ठरत नव्हता. जिंतूरच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात त्यांची सून शिवरंजनी एकेक माऊस धरून पाहत होती. आडत दुकानात दिवसभर टायपिंग करून तिचं उजवं मनगट सुजलं होतं. मनगट वाकू न देणारा कीबोर्ड तिला पसंत पडला होता. घोडं अडलं होतं ते माऊसपाशी.

“आमच्या वक्ताला हळद-चुना लावायचा आन् कामाला लागायचं,” महानंदाबाई पुटपुटल्या. “नवरा पसंत करायला बी तू एवढा येळ लावला न्हाईस!”

दुकानदार हसला. “ताई, मग हा डाव्या हाताचा घ्या. उजव्याला पूर्ण आराम मिळल.”

“घे की बाई!” महानंदाबाई पिशवी उचलून उभ्याच राहिल्या. “डावा हात तर रिकामाच असतो तुझा.”

“डावा नको, आत्याबाई,” शिवरंजनी हळूच म्हणाली. “सकाळी पूजेत गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर घेतलं की तुमचा हात थरथरतो. खालून आधाराला मी उजवा लावायचे. आता त्यात जोर न्हाई, म्हणून डावा लावायलेय. तो बी दुखायला लागला तर?”

बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला. महानंदाबाई पुन्हा स्टुलावर बसल्या.

“भाऊ, उजव्या हाताचे हायेत तेवढे सगळे दाखव. आमाला काय घाई न्हाई.”