सरांचा होकार

भाषा हीच माणसाची खरी संपत्ती, असं सर कॉलेजात आयुष्यभर शिकवत आले. वर्गात कोणी ‘ओके सर’ म्हटलं की त्याला बाहेर काढत. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि सगळी संपत्ती गेली. उरला एकच शब्द. ओके.

सरांच्या बायकोने त्या एका शब्दाचा अख्खा कोश तोंडपाठ केला. लांबवलेला ओके म्हणजे पाणी दे. तुटका म्हणजे पंखा बंद कर. मुलगी फोनवर विचारायची, “बाबा, बरं वाटतंय ना?” सर म्हणायचे, “ओके.” मुलगी खूश. त्या ओकेचा अर्थ ‘फोन ठेव, खांदा ठणकतोय’ असा होता, हे आई तिला सांगत नसे.

एका दुपारी सरांची बायको भांडी विसळत होती. खोलीतून आवाज आला, “ओके.” मग जरा थांबून पुन्हा, “ओके.” मग बराच वेळ काही नाही. समोरचा काहीतरी नीट समजावून सांगत असावा, तसं.

हा ओके तिच्या कोशात नव्हता.

ओल्या हातांनीच ती दारात आली. सर उशीला टेकून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. चेहऱ्यावर मोठ्या पाहुण्यासमोरची अदब. त्यांनी मान डोलावली आणि पांघरूण बाजूला सारलं. लुळ्या हाताने.

“अहो! कुठे निघालात?”

“ओके,” सर खुर्चीला म्हणाले.

ती पलंग आणि खुर्ची यांच्या मधे जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

“हे बघा,” ती खुर्चीला म्हणाली, “यांचा होकार धरू नका. यांना दुसरा शब्दच येत नाही. गळ्यावर सुरी ठेवली तरी ओकेच म्हणतील. विचारायचंच असेल तर ज्याला नाही म्हणता येतं, अशा माणसाला विचारा ना!”

मग खुर्चीची वेताची बैठक करकरली, बसलेलं माणूस उठल्यावर करकरते तशी.

सरांचा हात पांघरुणावर गळून पडला. “ओके,” ते तिला म्हणाले. तुटका होता. तिने पंखा बंद केला.

खालच्या मजल्यावरचे वकील त्याच संध्याकाळी चहा घेता घेता गेले. त्यांची जीभ शेवटपर्यंत उत्तम चालत होती.