बिसोमेनिकेचं श्रमदान

"ही एवढी माणसं कुणी बोलावली?" तलावाच्या बांधावर स्कूटर लावत मिस इरेशानं विचारलं.

बिसोमेनिकेची कुदळ हातातच राहिली. बांधावर सोळा जण राबत होते. कुणी घाणेरीची झुडपं तोडत होतं, कुणी खचलेल्या जागी मातीची पाटी उपडी करत होतं. सगळे पुरुषच. बायका भातखाचरात गवत काढायला गेल्या असतील, असं बिसोनं आपलं ठरवून टाकलं होतं.

"बोलावलं कुणीच नाही, मिस. आपणहून येतात."

"आपणहून? कोर्टानं दिलेल्या शिक्षेला?"

"हळू बोला, मिस," बिसो घाईनं म्हणाली. "त्यांना वाटतंय, श्रमदान आहे."

बिसो कसिप्पू गाळायची, म्हणजे हातभट्टीची दारू. ती पकडली गेली हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पोलिसांनी तिची पिंपं उपडी केली तेव्हा निम्मं गाव कुंपणाशी उभं होतं. पण न्यायाधीशांनी तिला तुरुंगाऐवजी शंभर तास गावचं काम दिलंय, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. दंड भरून सुटले, एवढंच सांगितलं. अंथरुणाला खिळलेल्या आईलाही तेच.

पहिल्या दिवशी ती मान खाली घालून एकटीच झुडपं तोडत होती. तेवढ्यात उक्कुबंडा सायकलवरून आला. गावात कुणाची म्हैस हरवली तर ते मालकाच्या आधी ज्याला कळतं, असा हा माणूस.

"काय अक्का, श्रमदान वाटतं?"

आमच्याकडे बांधावर कुणी घाम गाळताना दिसलं की दुसरं काही डोक्यात येतच नाही. बिसो काहीतरी पुटपुटली. "पुण्य लाभो हो, अक्का!" म्हणत तो पुढं गेला. नऊ वर्षं दारू गाळणाऱ्या बाईला कुणी पुण्य लाभो म्हटलं नव्हतं. खरं सांगायला तिची जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी उक्कुबंडा स्वतःची कुदळ घेऊन हजर. तिसऱ्या दिवशी आणखी तिघं. मग कुणी उकडलेला कसावा आणू लागलं, कुणी गुळाच्या खड्याबरोबर कोरा चहा. बिसोला बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याची रात्री लाज वाटायची.

बिसोचे तास मोजायला कोर्टानं नेमलेल्या मिस इरेशानं पिशवीतून नोंदीचा कागद काढला. पोरसवदा दिसत असली तरी कामाला खमकी होती.

"अम्मा, मागचे तास मी धरले. आजचे शेवटचे पाच. पण आज मी डोळ्यांनी बघतेय. या गर्दीत तुमचं काम कुठलं आणि यांचं कुठलं? मी लिहू काय?" मग तिनं आवाज खाली आणला. "उद्या हा कागद कोर्टात जाणार. पाच तास कमी भरले तर सहा महिने आत. यांना घरी पाठवा आणि एकटीनं करा. मी बसते इथं. नाहीतर माझी सही मिळणार नाही."

सहा महिने. आईला पाणी कोण पाजणार, हेच बिसोच्या मनात आलं. दुसरं काही नाही.

ती वळली. "मंडळी, आज एवढं पुरे," ती म्हणाली. "उन्हं चढलीत. घरी जा."

"पुरे कसं?" उक्कुबंडा लांबूनच ओरडला. "अर्धा बांध तसाच आहे की! आणि उन्हाचं काय सांगतेस, आम्ही काय लोण्याचे आहोत?"

सगळे हसले आणि पुन्हा कामाला लागले. बिसोनं मिसकडे पाहिलं. मिसनं घड्याळाकडे पाहिलं.

बिसोनं कुदळ खाली टाकली.

"हे श्रमदान नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "ही माझी शिक्षा आहे. कोर्टानं दिलेली. मी तुमच्याशी खोटं बोलले, आणि तुमच्या तोंडचं पुण्य फुकट घेतलं. आता जा घरी. माझं मला करू द्या."

कुदळी थांबल्या. बिसोला मान वर करवेना. एकेक जण पाठ फिरवून निघून जाईल, याची ती वाट पाहत राहिली. कुणीही हललं नाही.

उक्कुबंडा लुंगीला हात पुसत जवळ आला. "ठाऊक आहे, अक्का. सायकलला दिवा नाही म्हणून त्या दिवशी मलाही कोर्टात उभं केलं होतं. तुझ्याच मागच्या बाकावर बसलो होतो. न्यायाधीश बोलले ते सगळं ऐकलं."

बिसोनं मान वर केली. तो मिसकडे वळला.

"मिस, असं करा. मोरीपासून त्या अर्जुनाच्या झाडापर्यंतचा बांध हिचा. तिथं आमच्यातला कुणी काडीलाही हात लावणार नाही. तुम्ही खुशाल बसून बघा. झाडाच्या पलीकडचा वाटा आमचा."

मिस इरेशानं झाडापर्यंतचं अंतर नजरेनं मापलं. पाच तासांचं काम सहज होतं.

"हिच्या वाट्याचं चालेल," ती म्हणाली. "पण मामा, तुमचा वाटा कसला? शिक्षा हिला झालीय. तुम्ही यात कोण?"

उक्कुबंडानं मागं वळून बाकीच्यांकडे पाहिलं. कुणी कुदळीच्या दांड्याकडे बघत होतं, कुणी पाण्याकडे.

"आम्ही हिची गिऱ्हाइकं, मिस," तो म्हणाला. "सोळाच्या सोळा."