तळाची ओळ

दिव्यानीच्या तेरवीचं कार्ड करायला वाजिदनं मागच्या महिन्यातली तिच्याच लग्नपत्रिकेची फाईल उघडली. पोरगी लग्नाआधीच तापानं गेली होती. पाव्हण्यांची नावं तीच, आणि जुन्या फाईलीत नवं काम उरकायची त्याच्या अहेरीतल्या दुकानाची रीतच. गणपती काढला, मुहूर्त काढला, नवरदेव काढला. पण तळाची चिल्ल्यापिल्ल्यांची ओळ, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’, स्क्रीनवर मिटवली तरी प्रिंटमध्ये पुन्हा हजर. फॉन्ट बदलला, चौकट उडवली, कॉम्प्युटर दोनदा बंद करून पाहिला. ओळ काही हटेना. समोर स्टुलावर तिचे वडील भैयाजी बसलेले. “भाऊ, मिटूनच नाई राह्यली,” तो रडकुंडीला आला. “तिनंच हट्टानं टाकायले लावली होती,” भैयाजी म्हणाले. शेवटी वाजिदनं कागदावरच्या ओळीवर व्हाइटनर फासलं. झेरॉक्स मशीन सुरू करून कागद घ्यायला वळला, तर भैयाजी नखानं ते पांढरं हळूच खरवडत होते.