वाऱ्याचं गाऱ्हाणं

पंख्याला कुंकू लावायचं की नाही, यावरून शेवटचा वाद झाला.

"लोखंडाका कसला कुंकू?" दौलत म्हणाला.

"दसऱ्याक गिरणीत साच्याक लावतंस ना? मग ह्येका कित्याक नको?" असं म्हणून सुभद्रेने सरळ बोट टेकवलंच. ती खालच्या मजल्यावर खानावळ चालवायची आणि या खोलीतले सगळे तिच्याकडे जेवायचे. तिच्यापुढे कोण बोलणार!

लालबागच्या चाळीतली अगदी वरची खोली. डोक्यावर पत्रे, मे महिना, भर दुपार. एकाच गावचे सहा-सात जण रात्रपाळी करून यायचे आणि इथे झोपायचे, म्हणजे आपले या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचे. त्यात गुणाजीचे हाल काही विचारू नका. वयाने सगळ्यांत मोठा, आणि कितीतरी दिवसांत डोळ्याला डोळा नाही. उन्हाळा लागता लागता एका रात्री तो चालू साच्यावर, म्हणजे मागावरच, पेंगला. दौलतने मागून खेचला म्हणून हात वाचला. पुन्हा पेंगलास तर कायमचा घरी बस, असं खात्याच्या मुकादमाने, जॉबरने, सगळ्यांदेखत बजावलं.

तेव्हा कुठे पंखा घ्यायचं ठरलं. पण कुठला? छताला टांगायचा घ्यावा, तर त्याच्या बरोब्बर खाली कोण झोपणार? दौलतने चाळ डोक्यावर घेतली. वर्गणी सगळ्यांची आणि वारा मधल्या दोघांका? चलायचा नाय! उन्हाळा अर्धा भांडणातच गेला. शेवटी त्यांच्यातलाच लवू दादरच्या दुकानात मान फिरवणारा टेबलफॅन बघून आला, आणि त्या बिचाऱ्याला सांगायला शब्दच सुचेनात. स्वतःचीच मान या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत फिरवून दाखवत राहिला. "एकाकव सोडणा नाय रे!" म्हणाला. दौलतने सगळ्यांत आधी वर्गणी काढून ठेवली.

आता तो पंखा भिंतीला लावलेल्या ट्रंकेवर बसला होता, कपाळाला कुंकू, पुढ्यात नारळ. गुणाजीने टोपी सारखी केली, हात जोडले आणि गावच्या देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं; बाकीचे मागून होकार भरत होते.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो वारो आमच्या खोलयेत इलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तो सगळ्यांका सारखो मिळांदे. कोणाक कमी नको, कोणाक जास्त नको!"

"व्हय म्हाराजा!" यात दौलतचा आवाज सगळ्यांत वर.

"आणि आमची मुंबय म्हाराष्ट्राक मिळांदे!"

यावर असा काही "व्हय म्हाराजा" निघाला की समोरच्या चाळीतली माणसं गॅलरीत आली.

नारळ फुटला. लवूने बटण दाबलं. पाती फिरली, फिरता फिरता दिसेनाशी झाली, आणि मग पंख्याने हळूच मान वळवली.

"अगो बाय! बघता रे बघता, माज्याकडे बघता!" सुभद्रा दोन पावलं मागे सरली आणि तिने डोक्यावरून पदर घेतला.

कुणी हसलं नाही. दोरीवरचे सदरे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकामागून एक हलले आणि परत येताना पुन्हा हलले. या माणसांना यंत्राचं काय कौतुक? जन्म साच्यापुढे गेलेला. पण ती सगळी यंत्रं काम मागणारी. हे पहिलंच, जे एकेकाकडे वळून विचारपूस करत होतं. लवूच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने घामाबरोबर पुसलं.

मग सगळे आडवे झाले. गुणाजी आपल्या मोरीजवळच्या कोपऱ्यात गेला. ती जागा कुणालाच नको असायची, म्हणून त्याने केव्हाची आपणहून घेतलेली.

पंखा दारापासून निघाला, सगळ्यांवरून फिरत आला आणि गुणाजीच्या चटईच्या अलीकडूनच परत वळला. पुन्हा आला, पुन्हा तिथूनच वळला. गुणाजीने डोकं उचलून पाहिलं. पंखा थोडा इकडे वळवून ठेवावा, तर दाराकडचे दोघे वाऱ्याविना राहणार, हे त्याला दिसत होतं. आणि आत्ताच देवापुढे सगळ्यांना सारखं मागून बसलेला. आता कुठल्या तोंडाने बोलणार? त्याने निमूट डोळे मिटले.

खोबऱ्याचे तुकडे गोळा करताना सुभद्रेने हे पाहिलं आणि तिचा जीव कळवळला. ती काही बोलणार, तेवढ्यात दौलत उठून बसला. झालं! आता हा मेला नवीन काय काढतोय, असं तिला वाटलं.

दौलत ट्रंकेपाशी गेला. त्याने मागची कळ ओढली तशी पंख्याची मान थांबली. मग दोन्ही हातांनी अख्खा पंखा उचलून त्याने त्याचं तोंड मोरीकडे केलं.

गुणाजीच्या धोतराचा सोगा उडाला. त्याने एकदा मोठा श्वास घेतला, डोळे काही उघडले नाहीत. थोड्या वेळाने तो घोरायला लागला.

दौलत तिथेच उभा राहिला. बाकीच्यांच्या कपाळांवर पुन्हा घाम फुटला होता. सगळ्यांचे डोळे मिटलेले, पण झोपलेलं कुणीच नव्हतं.

"त्येका निजांदे रे," तो खालच्या आवाजात म्हणाला. असा आवाज त्याला आहे हे सुभद्रेला ठाऊकच नव्हतं.

मग दाराकडून लवूने, डोळे न उघडता, म्हटलं,

"व्हय म्हाराजा."

एकेका चटईवरून, गुणाजीची झोप मोडणार नाही इतक्या हळू, तेच येत होतं.

"व्हय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."