महिन्याची औषधं

“भाऊ, गाडीत शांत बसून राहतील असं काही देता का? दोन तासांचा रस्ता आहे,” ती म्हणाली. “सासूबाईंना उद्या वृद्धाश्रमात पोचवायचंय.”

मोठे डायपर, अंग पुसायचे ओले टिश्यू, पाठीला लावायची पावडर असं यादीतलं सगळं काउंटरवर येऊन पडलं होतं. राहिली होती ती फक्त महिन्याभराची औषधं. नेहमीचं हॉस्पिटलजवळचं दुकान आज बंद होतं, म्हणून ती घराजवळच्या या दुकानात पहिल्यांदाच आली होती.

“आधी काय काय चालू आहे?” केमिस्टने विचारलं.

तिने पिशवीतून डबा काढला. डब्याला सात खण, प्रत्येक खणावर वार लिहिलेला. शिवाय सगळ्या स्ट्रिपा रबर लावून एकत्र ठेवलेल्या आणि डॉक्टरांचे दोन कागद नीट घडी घालून. पंचवीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढलेल्या बाईचं काम होतं ते. केमिस्टने मान हलवून दाद दिली. तिला जरा बरं वाटलं.

“आठ महिन्यांत एकही वेळ चुकवलेली नाही मी. यांच्या बहिणींनी तर हातच टेकले होते. सासूबाई तोंड उघडत नाहीत हो. जॅममध्ये कुटून घालावी लागते गोळी.”

“त्रास काय आहे त्यांना?”

“त्रास काय, वय. दिवसभर पेंगतात. उठल्या की तोल जातो, दोनदा पडल्या. आणि विसरणं तर विचारूच नका. टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या त्या. अख्ख्या गावाचे नंबर तोंडपाठ. आता मुलाला विचारतात, आपण कोण?”

केमिस्ट ऐकत ऐकत स्ट्रिपा एकेक करून बाजूला ठेवत होता. रक्तदाबाची, थायरॉइडची, कॅल्शियमची. मग त्याचा हात थांबला. एक गुलाबी गोळ्यांची स्ट्रिप होती, एक पांढऱ्या. दोन्ही त्याने उलट्या केल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी डोळ्यांजवळ धरल्या.

“ही गुलाबी कशासाठी देता?”

“झोपेची. आमच्या जुन्या डॉक्टरांची. कधीपासूनची आहे.”

“आणि पांढरी?”

“ती हॉस्पिटलने दिली, आठ महिन्यांपूर्वी. घरी सोडताना. जीव घाबरा व्हायचा ना त्यांचा. ती सकाळ-संध्याकाळ.”

“हॉस्पिटलमध्ये झोपेच्या गोळीचं सांगितलं होतं?”

ती आठवू लागली. “त्यांनी विचारलंच नाही.”

केमिस्टने दोन्ही स्ट्रिपा तिच्यासमोर शेजारी शेजारी ठेवल्या, मागची बाजू वर करून. “ताई, मोठ्या अक्षरातलं सोडा. ते कंपनीने ठेवलेलं नाव. त्याच्याखाली बारीक लिहिलंय ते वाचा.”

तिने गुलाबीचं वाचलं. लांबलचक, अवघड नाव. बोट ठेवून, अडखळत. मग पांढरीचं वाचायला घेतलं, आणि या वेळी ती अडखळली नाही.

तिने पुन्हा पहिली स्ट्रिप उचलली. मग दुसरी.

“रंग वेगळा आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“एक गोल आहे, एक लांबट.”

“ताई, औषध एकच आहे. नुसती पांढरीच या वयाला भरपूर झाली. त्यावर रात्री पुन्हा ही. पेंग, तोल जाणं, माणसं न ओळखणं, सगळं यानेही होऊ शकतं.”

मागे एक माणूस खोकल्याचं औषध मागत उभा होता. केमिस्टने त्याला हातानेच थांबायला सांगितलं आणि स्टूल बाहेर सरकवलं. ती बसली नाही. काउंटरची कड धरून उभी राहिली. 

“मी आजपासून दोन्ही बंद करते.”

“नाही, तसं अजिबात करू नका. एकदम बंद केली तर फार वाईट होईल. हळूहळू उतरवावी लागते, आणि ते डॉक्टरच ठरवतील. आजच जा. मी फोन करतो त्यांना.” त्याने कागदावरचा हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा नंबर तिथेच लावला, दोन्ही नावं वाचून दाखवली आणि चारची वेळ घेतली.

तिने नवऱ्याला फोन लावला. “उद्याचं रद्द करा,” एवढंच म्हणाली. तो कारण विचारत राहिला. तिने फोन ठेवून दिला.

“पूर्वीसारख्या होतील त्या?”

“ते मला सांगता येणार नाही. सगळं गोळीचंच असेल असंही नाही. पण बघायला तर हवं.” केमिस्टने एका चिठ्ठीवर दोन्ही गोळ्यांची नावं, ताकद आणि वेळा लिहायला घेतल्या. “डॉक्टर विचारतील म्हणून विचारतो. सुरुवातीला त्यांनी स्वतः काही तक्रार केली होती का?”

तिने दोन्ही स्ट्रिपा पुन्हा जवळ ओढल्या.

“पहिल्याच महिन्यात,” ती म्हणाली. “खिडकीशी बसून दोन्ही पाकिटं वाचत होत्या. मला म्हणाल्या, तू मला एकच गोळी दोनदा देतेस. रोज तेच. हात झटकायच्या, गोळी थुंकायच्या. आम्हाला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. जुन्या डॉक्टरांना तसंच सांगितलं आम्ही, की यांना भलतेसलते भास होतात.”

केमिस्टचं पेन थांबलं. “मग?”

तिने गुलाबी स्ट्रिपवर बोट ठेवलं.

“तोवर ही अर्धीच गोळी द्यायचो. डॉक्टरांनी पूर्ण केली.”